हेडफोन ॲम्पसाठी ट्यूब घेताय? आधी नंबर वाचा, मग नाव

पहिला ट्यूब ॲम्प घरी आला की पहिला आठवडा माणूस गाणी ऐकतो. दुसऱ्या आठवड्यात तो रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर काचेच्या नळ्यांचे फोटो बघत बसतो. तिसऱ्या आठवड्यात पार्सल येतं आणि घरच्यांना सांगितलं जातं की चार्जर मागवला होता. ॲम्पपेक्षा ट्यूबांवर जास्त पैसे घातलेली माणसं मला माहीत आहेत. त्यातला एक मीच. हा लेख त्या दुसऱ्या आठवड्यात अडकलेल्यांसाठी आहे.

ट्यूब म्हणजे आजोबांच्या रेडिओतला व्हॉल्व्हच. हवा काढलेली काच, आत तापणारी तार म्हणजे हीटर, आणि त्याभोवती कॅथोड, ग्रिड, प्लेट. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, प्लेटकडे धावतात आणि मधला ग्रिड त्यांना आवर घालतो किंवा मोकळं सोडतो. खरेदीपुरतं एवढं पुरे.

पायरी १: आपला ॲम्प कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

ट्यूब बदलून किती फरक पडणार, हे ट्यूबपेक्षा ॲम्पवर जास्त ठरतं. ऑनलाइन मिळणारे सगळ्यात स्वस्त ॲम्प बघा: १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालणारे, वर दोन बुटक्या ६जे१ ट्यूब. त्यांत हेडफोन हलवायचं खरं काम बहुधा आतली चिप करत असते आणि ट्यूब नावापुरत्या व्होल्टेजवर चालते. काहींत तर ट्यूबखाली नारिंगी एलईडी लावलेला असतो. खऱ्या हीटरचा उजेड मंद, निखाऱ्यासारखा असतो. तळातून बल्ब पेटल्यासारखं दिसलं की समजा, ती रोषणाई आहे. अशा ॲम्पसाठी जुन्या अमेरिकन किंवा युरोपीय ट्यूब मागवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ६जे१च्या जागी बहुतेक वेळा ६एके५, ईएफ९५ किंवा ५६५४ चालते आणि ५६५४ची जोडी फार महाग नसते. हौस म्हणून तेवढी एक घ्या आणि थांबा.

दुसरी जात हायब्रिड. सिग्नल ट्यूब वाढवते आणि शेवटचा जोर ट्रान्झिस्टर लावतो. इथे ट्यूब बदलली तर थोडा फरक ऐकू येतो. हे ॲम्प कमी ओहमचे, म्हणजे विजेला कमी अवरोध करणारे हेडफोनही बिनतक्रार चालवतात.

तिसऱ्या जातीला शेवटी ट्रान्झिस्टर नाही आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही नाही. यांना ओटीएल म्हणतात. बॉटलहेड कंपनीचं क्रॅक नावाचं किट घ्या, त्यात एक १२एयू७ आणि एक ६०८० असते. डार्कव्हॉइस ३३६एसईमध्ये ६एसएन७ आणि ६एएस७ असते. ट्यूबचा फरक इथे सगळ्यात जास्त कळतो, पण हेडफोन जास्त इंपीडन्सचा, म्हणजे जास्त ओहमचा हवा: सेनहायझरचे एचडी ६०० किंवा एचडी ६५० (दोन्ही ३०० ओहम), बेयरडायनॅमिक डीटी ८८०चं ६०० ओहमचं रूप, असे. ३२ ओहमचा हेडफोन ओटीएलला जोडलात तर बास सैल पडतो, आवाजात दम राहत नाही, आणि ते दुखणं कुठल्याच ट्यूबने बरं होत नाही. तुमची तक्रार हीच असेल तर ट्यूबचे पैसे हेडफोनसाठी साठवा.

पायरी २: नंबर वाचायला शिका

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण पैसे इथेच वाचतात. एकाच ट्यूबला तीन-चार नावं असतात आणि विक्रेता त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव लावून भाव चढवतो.

अमेरिकन पद्धतीत पहिला आकडा हीटरच्या व्होल्टेजचा अंदाज देतो. ६ म्हणजे ६.३ व्होल्ट, १२ म्हणजे १२.६. युरोपीय पद्धतीत ते काम पहिलं अक्षर करतं: ई म्हणजे ६.३ व्होल्ट. पुढच्या सी-सी म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे कॅथोड-ग्रिड-प्लेटचे दोन संच. त्यानंतरचा ८ म्हणजे नऊ पिनांची छोटी बैठक. ईसीसी८२ आणि १२एयू७ एकच आहेत. या ट्यूबच्या हीटरला मधोमध फाटा आहे, म्हणून ती ६.३ आणि १२.६ दोन्हींवर चालते आणि एका नावात ६, दुसऱ्यात १२ दिसतो. तसंच १२एटी७ म्हणजे ईसीसी८१, १२एएक्स७ म्हणजे ईसीसी८३, ६डीजे८ म्हणजे ईसीसी८८. अक्षरं आणि आकडे उलटसुलट झाले, म्हणजे ईसीसी८८चं ई८८सीसी झालं, तर ती जास्त कडक मापात बनवलेली, दीर्घायुषी आवृत्ती. तिचाच अमेरिकन नंबर ६९२२.

रशियन नावांत ६एन म्हणजे ६.३ व्होल्टचा डबल ट्रायोड. शेवटचं अक्षर पी असेल तर छोटी ट्यूब, एस असेल तर मोठी काच. ६एन८एस ही ६एसएन७ची रशियन बहीण, ६एन१३एस ही ६एएस७ची आणि ६एन२३पी ही ६डीजे८ची. सोव्हिएत कारखान्यांनी या ढिगाने बनवल्या आणि त्या अजून संपल्या नाहीत. नवख्याने पहिली जुनी ट्यूब रशियन घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. डबा कळकट असतो, छपाई वाकडी असते, ट्यूब मात्र इमानेइतबारे चालते.

आता कमी प्रसिद्ध नंबर. १२एयू७ म्हटलं की भाव वाढतो, पण ५८१४ए आणि ५९६३ हे तिचेच सख्खे-चुलत नंबर आहेत. ५८१४ए लष्करी आणि औद्योगिक कामाची. ५९६३ जुन्या संगणकांसाठी बनवलेली. तिथे ट्यूबने फक्त चालू-बंद करायचं असे. आवाजासाठी ती कुणी तपासलेली नसते, त्यामुळे एखादी खरखरणारी निघते. पण शांत निघाली तर १२एयू७ नाव लावलेल्या महाग ट्यूबशी तिची तुलना डोळे झाकून करून बघा. मला ओळखता आली नाही.

पायरी ३: सॉकेटमध्ये बसली म्हणजे चालली असं नाही

हे वाक्य मी ॲम्पच्या झाकणावर चिकटवून ठेवलं आहे, कारण नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये नऊ पिनांची कुठलीही ट्यूब बसते. १२एयू७ची हीटर-तार चौथ्या आणि पाचव्या पिनेवर, मधला फाटा नवव्या पिनेवर. ६डीजे८चा हीटरही चार-पाचवरच, पण तो फक्त ६.३ व्होल्टचा. तुमच्या ॲम्पने चार-पाचवर १२.६ व्होल्ट दिले असतील आणि तुम्ही हौसेने ६डीजे८ खोचली, तर ती थोडा वेळ फार सुंदर उजळेल आणि मग कायमची विझेल.

दुसरी गोष्ट हीटरचा करंट. तो ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरमधून येतो आणि त्या ट्रान्सफॉर्मरला मर्यादा असते. ६९२२ला साधारण ०.३ अँपियर लागतात. अनेक विक्रेते तिच्या बदली म्हणून ६एन१पी सुचवतात, तिला ०.६ लागतात, म्हणजे दुप्पट. १२एयू७ला ६.३ व्होल्टवर ०.३ अँपियर, तिच्या जागी मिरवणारी ई८०सीसी ०.६ खाते आणि ईसीसी९९ तर ०.८. ॲम्प बनवणाऱ्याने चालेल असं लिहिलं असेल तरच घाला, नाहीतर ट्रान्सफॉर्मर तापून जाईल. तो बदलायच्या खर्चात ट्यूबांची अख्खी पेटी येते.

तिसरी गोष्ट प्लेटचं व्होल्टेज. ६डीजे८ची कमाल मर्यादा १३० व्होल्ट, तर ६९२२ची २२०. म्हणून ६९२२साठी आखलेल्या ॲम्पमध्ये स्वस्त पडते म्हणून ६डीजे८ घालायच्या आधी बनवणाऱ्याला एक मेल करा.

शेवटची गोष्ट, गेन. १२एयू७ची वाढवण्याची ताकद २०च्या आत-बाहेर, १२एटी७ची ६०, १२एएक्स७ची १००. १२एयू७च्या जागी १२एटी७ घातली की आवाज मोठा होतो आणि लोक म्हणतात, "बघा, केवढा जीव आला!" जीव वगैरे नाही, फक्त आवाज वाढला. सोबत मागची खरखरही वाढली.

पायरी ४: घरातलं व्होल्टेज मोजा

याबद्दल परदेशी सल्ल्यांत फारसं सापडणार नाही, पण आपल्याकडे हे आधी बघायला हवं. आपला पुरवठा २३० व्होल्टचा, प्रत्यक्षात रात्री तो २४० किंवा त्याच्याही वर जातो. बाहेरून आलेले बरेच ॲम्प २२० व्होल्टसाठी गुंडाळलेले असतात. हीटरला रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, नसेल तर हिशेब सरळ आहे: २२०वर ६.३ मिळत असतील तर २४०वर ६.८७ मिळतात. जुन्या ट्यूबांना दहा टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ६.९३पर्यंत. २४०ला तुम्ही काठावर आणि २५०ला काठाबाहेर. ट्यूब लगेच मरत नाही, पण आयुष्य झपाट्याने कमी होतं.

प्लगमध्ये खोचायचं व्होल्टेज दाखवणारं छोटं मीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं. आठवडाभर लावून बघा. आकडा सतत वर असेल तर चांगला स्टॅबिलायझर घ्या. अमेरिकेतून कुणी नातेवाइकाने १२० व्होल्टचा ॲम्प आणला असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तो ॲम्पच्या वॅटपेक्षा बऱ्यापैकी मोठा घ्या. हे सगळं झाल्यावर उरतील ते पैसे ट्यूबांचे.

पायरी ५: नावाचे पैसे देताय की ट्यूबचे?

आज नव्या बनणाऱ्या ट्यूब मोजक्या कारखान्यांतून येतात. स्लोव्हाकियातल्या चाडत्सा गावी जेजे. रशियातल्या साराटोव्हमध्ये एकाच कारखान्यातून इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, सोव्हटेक आणि नव्या छापाच्या टंग-सोल, म्युलार्ड, गोल्ड लायन. आणि चीनमधले काही. म्हणजे आजच्या खोक्यावर म्युलार्ड लिहिलेलं असलं तरी ती ट्यूब इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या जुन्या कारखान्यातली नव्हे. नाव विकत घेऊन लावलेलं आहे. ट्यूब वाईट असते असं नाही. पण त्या नावापायी चार पैसे जास्त मोजत असाल तर माहीत असू दे. नवी घ्यायची तर माझी निवड साधी जेजे किंवा इलेक्ट्रो-हार्मोनिक्स. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना मला आजवर ऐकू आल्या नाहीत.

जुन्या साठ्यात गंमत उलटी आहे. त्या काळी कारखाने एकमेकांच्या ट्यूबांवर आपापला शिक्का मारून विकत. ऑर्गन बनवणाऱ्या बाल्डविन किंवा हॅमंडच्या नावाची, नाहीतर मोजमाप यंत्रं बनवणाऱ्या ह्युलेट-पॅकार्डच्या नावाची ट्यूब आतून आरसीए, सिल्व्हेनिया किंवा ॲम्परेक्स असू शकते. शिक्का अनोळखी, म्हणून भाव कमी. म्हणून काचेवरची रंगीत छपाई वाचू नका, काचेचं अंग वाचा. फिलिप्सच्या घराण्यातल्या ट्यूबांवर तळाशी करड्या रंगात बारीक कोरलेला संकेत असतो: त्रिकोण म्हणजे हॉलंडमधलं हेरलेन, बी म्हणजे ब्लॅकबर्न. टेलिफुंकेनच्या लहान ट्यूबांच्या तळाला, पिनांच्या मधोमध, काचेतच हिऱ्याची खूण उठवलेली असते. खूण नाही आणि छपाई मात्र टेलिफुंकेनची, तर पैसे परत खिशात.

मी सुरुवातीला एका विक्रेत्याकडून "अस्सल जुनी म्युलार्ड" म्हणून एक १२एयू७ घेतली होती. घरी आल्यावर ओल्या बोटाने छपाई चोळली तर बोटाला पांढरा रंग लागला. अर्थात जुनी खरी छपाईही हात लावला की जाते, त्यामुळे तेवढा पुरावा पुरला नसता. तळाशी संकेत नव्हता, तो पुरावा पुरला. ट्यूब चांगली चालते. फक्त मी तिला चौपट पैसे मोजले.

६०८० आणि ६एएस७च्या बाबतीत तर नावाची चैन करूच नका. या ट्यूब मूळच्या वीजपुरवठा स्थिर ठेवणाऱ्या लष्करी आणि औद्योगिक यंत्रांसाठी बनल्या. दर ट्रायोडचा आतला अवरोध २८० ओहमच्या आसपास, म्हणजे फारच कमी, म्हणून त्या हेडफोन चालवू शकतात. संगीतवाल्यांखेरीज आज त्यांना फारसं कुणी विचारत नाही, म्हणून साधी आरसीए किंवा रशियन ६एन१३एस परवडते. ५९९८ या नंबरचा खूप गवगवा आहे आणि भावही तसाच. पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नका.

पायरी ६: कुठून घ्यायची आणि काय विचारायचं

आपल्याकडचा पहिला मोह म्हणजे माळ्यावरचा रेडिओ उघडणं. उघडू नका. आपल्या जुन्या रेडिओंत सहसा ईसीएच८१, ईबीएफ८९, ईएल८४, ईझेड८० आणि हिरव्या डोळ्याची ईएम मालिकेतली ट्यूब सापडते. तुमच्या हेडफोन ॲम्पला यातलं बहुधा काहीच लागू पडत नाही आणि चालू रेडिओचं मात्र वाटोळं होतं. जुन्या लाउडस्पीकरच्या ॲम्प्लिफायरमध्ये ईसीसी८३ मिळू शकते, कधी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची, बीईएल असं छापलेली. मिळाली तर ठेवून द्या, पण ती १२एएक्स७ आहे, १२एयू७ नव्हे, हे लक्षात असू द्या.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत विचारायला हरकत नाही. तिथे नाव सांगू नका, नंबर सांगा: "५८१४ए आहे का?" नाव ऐकलं की भाव बदलतो. ट्यूब हातात मिळाली तर वरच्या टोकाचा चकचकीत चंदेरी डाग बघा. तो दुधाळ पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, ट्यूब मेली. पिना सरळ आहेत का, काचेला पिनांपाशी तडा नाही ना, आणि हलवल्यावर आत काही खुळखुळत नाही ना, हेही बघा.

परदेशातून मागवायची तर पोस्टेज आणि कस्टम धरूनच किंमत ठरवा. एक स्वस्त ट्यूब एकटी आली की पोस्टेज तिच्याहून जड होतं. मित्रांनी मिळून चार-पाच मागवा. विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. दोन्ही ट्रायोडचे मोजलेले आकडे काय? क्रॅकसारख्या ॲम्पमध्ये एकाच ट्यूबचा एक अर्धा डावा कान चालवतो, दुसरा उजवा, म्हणून दोन्ही आकडे जवळजवळ हवेत. खरखर आणि ठोकल्यावरचा आवाज तपासला आहे का? आणि परत घेणार का, किती दिवसांत? "जुन्या साठ्यातली नवी" हे शब्द लिहायला पैसे पडत नाहीत. चांगले आकडे असलेली वापरलेली ट्यूब मी आकडे नसलेल्या "नव्या"पेक्षा केव्हाही आधी घेईन.

किती घ्यायच्या? ई८८सीसीसारख्या दीर्घायुषी ट्यूब १०,००० तासांसाठी बनवल्या जात. रोज दोन तास ऐकलंत तर वर्षाला ७३० तास, म्हणजे तेरा वर्षांहून जास्त. साध्या ट्यूबचं आयुष्य निम्मं धरलं तरी सहा-सात वर्षं. कपाटात दहा ट्यूब साठवण्यासाठी कुठलंही गणित जुळत नाही. ॲम्पसोबत आलेली एक, आवडीची एक, बस. आणि माझा कच्चा नियम: सगळ्या ट्यूबांची बेरीज ॲम्पच्या किमतीच्या पाव हिश्शापुढे जाऊ द्यायची नाही.

पायरी ७: घरी आल्यावर

ॲम्प बंद करा, प्लग काढा, हेडफोन काढा, अर्धा तास थांबा. ट्यूब चटका देते आणि ओटीएलच्या आत प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढं व्होल्टेज राहू शकतं, म्हणून तळाचं झाकण उघडायचंच नाही. ट्यूब सरळ वर ओढा, हलकेच गोल डुलवत. नऊ पिनांच्या ट्यूबला पिनांमध्ये एक मोठी फट असते, आठ पिनांच्या मोठ्या ट्यूबला मधल्या खुंटीवर कंगोरा असतो. तो जुळल्याशिवाय दाबू नका. काचेला बोट लागलं तर ट्यूब फुटते असं सांगणारे भेटतील. ते हॅलोजन दिव्याचं खरं, आपल्या ट्यूबचं नाही.

चालू करताना हेडफोन काढलेलाच ठेवा, दोन मिनिटांनी जोडा. काही जुन्या युरोपीय ट्यूब सुरुवातीला क्षणभर लख्ख चमकतात, घाबरू नका. गाणं न लावता आवाज रोजच्या जागी न्या आणि ऐका: गुणगुण, फडफड, पाऊस पडल्यासारखी खरखर. मग पेन्सिलच्या रबराने ट्यूबवर हळूच टिचकी द्या. हलकी टिंग चालेल, घंटेसारखी घुमत राहिली तर ती परत पाठवा. विक्रेते सांगतात की ट्यूब शंभर तास मुरली पाहिजे. मुरेपर्यंत परत करायची मुदत संपते, हे ते सांगत नाहीत. आजारी ट्यूब पहिल्या चार-पाच दिवसांतच ओळखू येते, निर्णय तेव्हाच घ्या.

तुलना करायची तर आवाजाची पातळी सारखी हवी, कारण कानाला मोठं तेच चांगलं वाटतं. फोनवरच्या ॲपमधून ४०० हर्ट्झचा सूर लावा, २ व्होल्टची एसी रेंज असलेल्या मल्टिमीटरने हेडफोनच्या जॅकवर आकडा बघा आणि दुसऱ्या ट्यूबला तोच आकडा येईपर्यंत आवाज जुळवा. मग ओळखीचं एकच गाणं. मी तंबोरा ऐकतो, कारण त्याच्या जवारीत खरखर लपत नाही आणि डावी-उजवी पातळी हलली तर षड्ज एका बाजूला सरकतो. ट्यूब कुणीतरी दुसऱ्याने बदलायची, तुम्ही पाठ फिरवून बसायचं. आमच्या घरी हे काम पुतणी करते आणि दोनदा तिने ट्यूब बदललीच नव्हती. दोन्ही वेळा मला "थोडी जास्त गोडी" ऐकू आली होती.

ठेवायच्या ट्यूबच्या डब्यावर पेन्सिलने तारीख, नंबर, दोन्ही ट्रायोडचे आकडे आणि दिलेली किंमत लिहा, पोस्टेज धरून. माझ्या ॲम्पमध्ये सध्या एका ऑर्गन कंपनीच्या नावाची १२एयू७ आणि कळकट डब्यातली ६एन१३एस आहे. चौपट पैशांची ती "म्युलार्ड" खणात आहे, डब्यावर किंमत लिहून.